मागूरमावशीचा उजवा हात

साडेसहाला येणारं पाणी सात वाजून गेले तरी आलं नव्हतं. नळाखालची बादली कोरडी ठणठणीत, आणि तिच्यासमोर कमरेवर हात ठेवून मावशीचे यजमान उभे. बत्तीस वर्षं ते बसचे कंडक्टर होते. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण बस काही अंगातून उतरली नव्हती.

"चला, पुढं सरका, पुढं सरका," ते नळाला म्हणाले. "दारात गर्दी करू नका."

मावशी ओट्यापाशी चहा गाळत होती. उजव्या हातातल्या पातेल्यापेक्षा तिचं लक्ष बोटांवरच जास्त होतं. नव्या मोलकरणीच्या हातात काचेचं भांडं दिलं की घरची बाई बघते ना, तशी ती स्वतःच्या बोटांकडे बघत होती. तरी घोटभर चहा ओट्यावर गेलाच.

"आज ओट्यालाही चहा? त्याचं तिकीट कोण काढणार?"

"ओटा पुसायला पाणी आणा आधी, मग बोला."

"पाणीच नाही."

"मग गप्प बसा."

तेवढ्यात दार वाजलं. लागोपाठ दोन थापा, मग जरा थांबून भीत भीत तिसरी. मावशीने पातेलं खाली ठेवलं. ही थाप तिच्या ओळखीची होती. कोरडा नळ आणि ही थाप एकाच सकाळी आली की पुढचं काय ते ठरलेलं असायचं.

दारात पंपवाला होता. पाणीपुरवठ्याच्या पंपघरात वीस वर्षं काढलेला, बांबूसारखा उंच माणूस. चौकट डोक्याला लागू नये म्हणून वाकून आत यायचा, आणि बोलणं संपेपर्यंत सरळ व्हायचं विसरून जायचा.

"मावशी, आलाय," तो वाकूनच म्हणाला.

"कधीपासून?"

"काल दुपारपासून पंप धापा टाकतोय. दोनदा जाळी साफ केली. नुसती वाळू नि विटांचा चुरा. आज उजाडताना तर पार बंदच पडला."

"म्हणजे बीळ साफ करतोय. अंड्यांवर बसलाय मेला."

"गळ टाकून बघितला. गांडूळ लावलं, कोंबडीचं काळीज लावलं. ढुंकून बघत नाही."

"अंड्यांवर बसलेला बाप जेवतो होय रे?"

"आमच्या वेळचे बाप जेवायचे," यजमानांनी मधेच तोंड घातलं. "दोन वेळा पोटभर जेवून दवाखान्याच्या बाहेर पेपर वाचत बसायचे."

"तुमचं मला सांगू नका. दोन्ही वेळा तिथे होते मी."

पंपवाला हसला आणि लगेच गंभीर झाला. "नव्या इंजिनिअर मॅडम आल्यात. त्यांनीच बोलावलंय. अर्ध्या गावाला पाणी नाही, इस्पितळाची टाकी तळाला गेलीय. जीप पाठवते म्हणाल्या, पण जीपमध्ये डिझेल नाही. म्हणून मी सायकल आणली."

"मला डबलसीट नेणार तू?"

"नाही, नाही. मी सायकलवर. तुम्ही मागून रिक्षाने."

मावशीला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत यायला वेळ लागला. हल्ली तिच्या सगळ्याच गोष्टींना वेळ लागायचा.

तिला गावात मागूरमावशी म्हणत. वय अठ्ठावन्न. मागूर म्हणजे तो मिशावाला, बिनखवल्यांचा, काळा गुळगुळीत मासा. चिखलात राहणारा आणि पाण्याबाहेर काढला तरी तासन् तास जीव धरून बसणारा. नदीत नि तळ्यात मासे धरणारे गावात पुष्कळ होते. कुणी जाळं टाकायचं, कुणी गळ लावून विड्या ओढत बसायचं. मावशी मात्र हाताने धरायची. काठाच्या बिळात, बुडालेल्या झाडाच्या मुळांत, पडक्या घाटाच्या फटीत खांद्यापर्यंत हात घालायचा आणि आत कोण आहे ते बोटांनी ओळखायचं. हे तिला तिच्या आत्याने शिकवलं. आत्या बोलायला फटकळ, पण पाण्यात उतरली की देवघरात आल्यासारखी हळू व्हायची. "हात मागायला घालायचा गं," ती सांगायची, "हिसकवायला नाही. बिळातल्याला वाटलं पाहिजे, कुणीतरी विचारपूस करायला आलंय."

तीस वर्षांत मावशीच्या बोटांनी कितीजणांची विचारपूस केली असेल! कासव उपड्या वाटीसारखं लागायचं. वाम ओल्या दोरीसारखी निसटायची. पाण्यातला साप पाण्यातही खरखरीतच, त्याला बोट टेकलं की हात आपोआप मागे. मागूर मात्र भिजलेल्या साबणासारखा. त्याच्या अंगावरून बोटं फिरवत फिरवत शेपटीकडून डोक्याकडे जायचं, कल्ल्यामागचे दोन काटे कुठे आहेत ते बघायचं आणि बरोबर त्यांच्या मागून पकड घ्यायची. त्या काट्यांतच त्याची सगळी ताकद. सहा वर्षांपूर्वी पंपवाल्याने "एवढं काय त्यात" म्हणून स्वतः हात घातला होता. एक काटा अंगठ्यात गेला. एवढा उंच माणूस, पण पंपघराच्या पायरीवर बसून आईला हाका मारत होता. दोन दिवस त्याला भाकरीचा तुकडा मोडता आला नव्हता.

पंपघराच्या विहिरीचं दुखणं जुनं होतं. विहीर तळ्याच्या काठावर. तळ्याचं पाणी जाळीतून आत येतं आणि पंप ते गावात चढवतो. मागूर बोटाएवढा असताना त्या जाळीतून आत शिरतो, आत खाऊन-पिऊन पोसतो आणि मग बाहेर पडायला गेलं की जाळीत मावत नाही. पावसाचं पाणी चढायच्या दिवसांत त्याला संसार सुचतो. पंपाच्या नळामागे विहिरीची भिंत ढासळलेली आहे, तिथे तो बीळ कोरतो आणि आतली वाळू, विटांचा चुरा शेपटीने बाहेर ढकलतो. तो सगळा जाऊन पंपाच्या तोंडाशी बसतो. बिळात जाळं जात नाही. गळाला तो विचारत नाही. औषध टाकावं तर पाणी पिण्याचं. राहता राहिला मावशीचा हात.

आणि त्या हाताचं असं झालं होतं की नऊ महिन्यांपूर्वी एकदा गरम पातेल्याला बोटं टेकली, तेव्हा तिला चटका कळला नाही. आधी वास आला, मग कळलं. त्या दिवसापासून ती एकटी असताना बोटं तपासत होती. सुई टोचून बघितली. बर्फ धरून बघितला. उजव्या हाताची अंगठ्याजवळची तीन बोटं आणि निम्मा तळवा कुणी रात्रीतून बदलून नेल्यासारखा झाला होता. डॉक्टरांकडे ती बाजाराला म्हणून गेली. त्यांनी मनगटावर टकटक केलं, मानेवर टकटक केलं. शीर दबलीय म्हणाले, बरीच वर्षं दबत आलीय. ऑपरेशनने थोडं सुधारेल, सगळं येईलच असं नाही. आणि थंड पाण्यातलं काम बंद. "काय काम करता?" त्यांनी विचारलं. "घरकाम," मावशी म्हणाली. चिठ्ठी तिने पिठाच्या डब्याखाली सरकवून दिली आणि वर पुन्हा डबा ठेवला.

घरी बोलली नाही. यजमानांना सांगावं तर ते त्याचाही विनोद करतील, अशी तिला भीती होती. आणि त्याहून मोठी भीती ही की करणार नाहीत.

धंदा मात्र तिने थांबवला नाही. या नऊ महिन्यांत ती मासे पायांनी शोधत होती. पाण्यात उतरली की उजवा पाय हळूच बिळाच्या तोंडाशी न्यायचा, अंगठा आत सारायचा. पायाला सगळं कळत होतं. मासा कुठे आहे, तोंड कुठल्या बाजूला आहे, एवढं पायाने विचारून घ्यायचं आणि मग नेमक्या जागी हात घालून मुठीचा जोर लावायचा. जोर शाबूत होता. वरून बघणाऱ्याला वाटायचं, बाई पाण्यात पाय रोवून उभी आहे. कुणाला पत्ता नव्हता. पण एका माशाला पूर्वी दहा मिनिटं लागायची, तिथे पाऊण तास जायला लागला आणि घरी आली की ती भिंतीला टेकून बसायची, ती तिन्हीसांजेपर्यंत.

"चला, मीही येतो," यजमान पायात चपला सरकवत म्हणाले.

"तुम्ही कशाला?"

"घरात बसून काय करू? आंघोळ नाही, चहा ओटा प्यायला."

नको म्हणायला तिला कारण सुचलं नाही. खरं तर सगळ्यालाच नको म्हणायचं होतं. पण नको म्हटलं की माणसं 'का?' म्हणून विचारतात.

पंपघर म्हणजे एक लांबट खोली. भिंतीला तेलाचे ओघळ, खिळ्याला पंपवाल्याची डब्याची पिशवी, कोपऱ्यात मोडकी खुर्ची आणि तिच्यावर त्याच खुर्चीच्या दुरुस्तीचा अर्ज. पंप बंद, त्यामुळे खोलीत घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. मागच्या दाराबाहेर विहीर. मांडीएवढ्या उंचीचा कठडा, त्याला लोखंडी झाकण, आणि झाकणाखाली काळ्या पाण्यात उतरत गेलेल्या सळयांच्या पायऱ्या.

इंजिनिअर मॅडम तिशीच्या असतील. डोक्यावर पिवळी टोपी, हातात कागद अडकवलेली पाटी. बोलणं नम्र, पण एकेक शब्द मोजून.

"मावशी, तुमच्याबद्दल खूप ऐकलंय. पण माझ्या हद्दीत कुणी असंच विहिरीत उतरणार नाही. कमरेला दोर हवा, आणि मला काही प्रश्न विचारायचेत."

"विचारा."

"पोहता येतं?"

यजमान हसले. "मॅडम, माशाला विचारता का कधी?"

"काका, मला त्यांच्याकडून ऐकायचंय."

"येतं," मावशी म्हणाली.

"दम लागणं, चक्कर?"

"नाही."

"हातापायांना काही त्रास? मुंग्या, बधिरपणा?"

प्रश्न कागदावरचाच होता. मॅडम वर न बघता विचारत होत्या. मावशीने मात्र आधी मॅडमकडे, मग यजमानांकडे बघितलं. ते कठड्यावरून वाकून विहिरीत हाक मारून प्रतिध्वनी येतो का ते बघत होते.

"नाही," मावशी म्हणाली.

मॅडमनी कागदावर खूण केली. मावशीने डाव्या हाताने सही केली, आणि कुणी विचारायच्या आत सांगून टाकलं, "मी पूर्वीपासून डावखुरी." यजमानांनी मान वळवून तिच्याकडे बघितलं. पस्तीस वर्षांच्या संसारात ही बातमी त्यांना नवीनच होती. पण चारचौघांत बायकोला खोटं पाडायची त्यांची रीत नव्हती. ते परत विहिरीकडे वळले.

मग मॅडमनी पंपवाल्याकडून रबरी बूट मागवले, पोटरीपर्यंत येणारे, जाड तळव्यांचे.

"हे कशाला?" मावशी एक पाऊल मागे सरली.

"तळाला काचा, खिळे असतात. अनवाणी नाही सोडणार मी."

"बाई, तीस वर्षं अनवाणीच उतरतेय. बुटांनी पाय जड होतात."

"दोर आहे ना कमरेला. मावशी, बूट घातल्याशिवाय नाही."

मावशी मोडक्या खुर्चीवर टेकली. बूट नको म्हणून ती हट्ट करू शकली असती. पण हट्टाचं कारण काय सांगणार? की मासा मी पायाने शोधते, कारण हाताला काही कळत नाही? तिने मुकाट्याने एक बूट चढवला, मग दुसरा. दोन्ही पाय आत गेले आणि तिला वाटलं, आता आपल्याला कुठूनच काही कळणार नाही. तरी ती उठली. उठायची सवय झाली होती.

सळयांवरून उतरताना बुटांत पाणी भरलं. तळाला टेकली तेव्हा पाणी कमरेपर्यंत होतं. वर पाहिलं तर गोल आभाळात तीन डोकी: एक पिवळी टोपी, एक टक्कल आणि खूप वरून वाकलेला पंपवाला.

बीळ गुडघ्याच्या उंचीवर, नळाच्या मागे. तिथे डावा हात वळत नाही, उजवाच जातो. तिने हनुवटी पाण्याला लावली, गाल थंडगार नळाला टेकला आणि हात सोडला. मनगट गेलं, कोपर गेलं. भिंतीची कड दंडाला घासली, ती कळली. त्यापुढे मात्र आपला हात आहे की नाही, हेच कळेना. बोटं कशाला तरी लागत असणार. वीट असेल, वाळू असेल, माशाचं अंग असेल. तिला सगळं एकच. अंधाऱ्या खोलीत माणूस उभं राहावं आणि तिथली माणसं एकाएकी बोलायची थांबावीत, तसं झालं तिला.

"आहे का?" पंपवाल्याचा आवाज.

"थांब जरा!"

ती थांबली. पाण्याचा एक हलका धक्का दंडावर आला. आत कुणीतरी वळलं. तिने हात आणखी आत सारला आणि कोपराच्या आतल्या बाजूला, जिथे कातडी अजून तिची होती, तिथून काहीतरी गुळगुळीत सरकून गेलं. होता. पण येणारं तोंड होतं की जाणारी शेपटी? पूर्वी हा प्रश्न तिला पडला नसता. पाय मोकळा असता तर आताही पडला नसता. वरती तीन डोकी वाट बघत होती आणि गावातल्या बादल्या नळाखाली बसून होत्या. शेपटी, तिने ठरवलं. त्या हिशेबाने पुढे हात टाकला आणि मूठ मिटली. खांदा जोरात हिसकला, तेव्हा समजलं की मुठीत काही सापडलंय. मग तिने ओढलं. मागायला गेलेला हात तिने पहिल्यांदाच हिसकवायला वापरला.

मागूर बाहेर आला तो केवढा! तिच्या कोपरापासून बोटांच्या टोकांपर्यंत लांब, काळाकभिन्न, मिशा फेंदारत. तिने तो वरून सोडलेल्या बादलीत टाकला आणि पंपवाला टाळ्या वाजवायला लागला. "बघितलंत, मॅडम? मी म्हणालो नव्हतो? मावशीच्या हाताला डोळे आहेत!"

मॅडमही हसल्या. पाटीवर काहीतरी लिहिलं. मावशी एकेक सळई धरत वर चढली. बुटांतून पाणी सांडत होतं. कठड्यावर बसून तिने दोन श्वास घेतले. "त्याला तळ्यात सोड," ती पंपवाल्याला म्हणाली. "अंड्यांवरचा आहे. मी तो विकत नाही. आणि पंप लाव."

पंपवाला बादली उचलायला वाकला आणि वाकलेलाच राहिला.

बादलीतलं पाणी लाल होतं. मग त्याने सळयांकडे पाहिलं. वरून तिसऱ्या सळईपर्यंत सगळ्या लाल होत्या.

"अगं," यजमान म्हणाले. "हात."

"काय हात?"

तिने हात वर केला. अंगठ्याच्या खाली, तळव्याच्या गुबगुबीत भागात माशाचा काटा मोडून राहिला होता. चांगला रफूच्या सुईएवढा. त्याच्या बाजूने रक्त मनगटावरून कोपरापर्यंत जाऊन टपटपत होतं. तिने त्याच्याकडे बघितलं आणि तिच्या चेहऱ्यावर वेदनेऐवजी चोरी सापडलेल्या मुलीचे भाव आले.

पंपवाल्याने बादली खाली ठेवली. आपला अंगठा त्याने नकळत दुसऱ्या मुठीत धरला होता. "मावशी," तो अगदी हळू म्हणाला, "दुखत नाही तुम्हाला?"

"नाही."

मॅडमनी पाटीवरच्या कागदाकडे पाहिलं, मग मावशीकडे, आणि पाटी उलटी करून कठड्यावर ठेवली.

यजमान खाली बसले. पंपवाल्याकडून पक्कड घेतली, ती शर्टाला पुसली. काटा ओढला, तेव्हा कळवळले तेच. मावशी शांत बसून बघत होती.

"कधीपासून?" त्यांनी खाली मान घालून विचारलं.

"नऊ महिने."

"म्हणजे ते कप फुटले... आणि ती डाव्या हाताची सही..."

"हो."

"सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?"

त्यांनी विचार केला. रुमालाची पट्टी तिच्या तळव्याला गुंडाळली, एक वेढा, दोन वेढे. "काही नाही," ते म्हणाले. "पण दोघांना माहीत असतं."

मावशीने मान दुसरीकडे फिरवली. पंपघराच्या भिंतीवरचे तेलाचे ओघळ तिला एकाएकी फार नीट बघावेसे वाटले.

एवढ्यात आत पंप सुरू झाला. पंपवाल्याला तिथे उभं राहवत नव्हतं, म्हणून तो जाऊन बटण दाबून आला होता. घरघर घुमली, नळ थरथरला आणि सगळ्यांच्या तोंडून सुटकेचा श्वास निघाला. तेवढं तरी झालं. इस्पितळाची टाकी भरेल. मॅडमनी मोबाइल काढून कुणाला तरी कळवलं की पाणी चालू होतंय.

पाच मिनिटंही झाली नसतील. घरघर बारीक झाली, मधे एक उचकी आली, दुसरी आली. मग म्हाताऱ्या माणसासारखा पंप खोकत खोकत थांबला. पुन्हा घड्याळाची टिकटिक.

पंपवाला दारात आला. त्याच्या मुठीत पुन्हा वाळू नि विटांचा ओला चुरा होता. जोडी होती. दुसरा आतच होता, आणि नवरा गेल्यावर बिळाची उसाभर आता बायकोने घेतली होती.

"आता ही उतरणार नाही," यजमान उभे राहत म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांचा असा आवाज मावशीने ऐकला नव्हता. "मॅडम, दुसरं कुणी बोलवा. खूप झालं."

"मी पाणबुडे मागवते," मॅडम म्हणाल्या. "पण त्यांना यायला दोन दिवस लागतील. तोवर टँकरने कसंबसं..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. मग जवळ येऊन उकिडव्या बसल्या. "मावशी, बूट मी घालायला लावले. अनवाणी असतात तर हे झालं नसतं का?"

"आज झालं नसतं," मावशी म्हणाली. "पुढच्या वेळी झालं असतं."

ती कठड्यावर बसून राहिली. अंगातलं पाणी फरशीवर ओघळत होतं. हात दुखत नव्हता, बाकी सगळं दुखत होतं: कंबर, खांदे, पोटऱ्या. घरी जाऊन भिंतीला टेकावं. गावाला सांगावं, मागूरमावशी संपली. यजमानांचा चेहरा तेच म्हणत होता, आणि ते खोटंही नव्हतं. पण तिचा नीट विचार करून झाला, तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण पाण्याला कंटाळलेलो नाही. माशांनाही नाही. नऊ महिने चोरासारखं वागून दमलोय. चहा गाळताना, सही करताना, विहिरीत उतरताना, सारखं कुणीतरी बघतंय का ते बघायचं. माशाची जागा आपल्याला अजून माहीत आहे. पकडही आहे. नाही ती फक्त बोटांना नजर.

"बाई," ती मॅडमना म्हणाली, "तुमच्या कागदावर मघाशी मी खोटं सांगितलं. या हाताला काही कळत नाही. ते आधी खोडून नीट लिहा."

मॅडमनी मान हलवली. "लिहिते. पण मग मला तुम्हाला उतरवता येणार नाही, मावशी."

"आंधळ्याने उतरायचं नाही म्हणता, ते बरोबरच आहे."

"अगं, मग झालं तर," यजमान म्हणाले. "चल घरी."

"थांबा हो. तुमचा शेवटचा स्टॉप आला नाही अजून." तिने पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवला. पंपवाला, यजमान, मॅडम, तिघेही तिच्याकडे बघत होते. आजवर तिने या पंपघरात कधी काही मागितलं नव्हतं. येताना घाईने यायची, हात घालायची, मासा काढून टॉवेलने केस पुसत निघून जायची. गावाने तिच्यासाठी कधी क्षणभर थांबावं, अशी वेळच तिने येऊ दिली नव्हती.

"तळ्याकडची झडप बंद करता येते ना रे?" तिने पंपवाल्याला विचारलं.

"येते. पण मग विहीर छोट्या पंपाने उपसावी लागेल. तो केवढासा. तीन तास तरी जातील, मावशी. लोक शिव्या देतील."

"देऊ देत." ती मॅडमकडे वळली. तिचा आवाज थकलेला होता, पण त्यात आता लपवाछपवी नव्हती. "माझं एवढंच म्हणणं आहे, बाई. विहिरीतलं पाणी घोट्यापर्यंत उतरवा आणि मला एक बॅटरी द्या. मासा मला डोळ्यांनी बघून धरायचाय."